पेटलेल्या एक्स्प्लोझिव व्हॅनपासून फायरवाले लांब का थांबतात?

(वाचकांचे प्रश्न, उत्तरं देतोय फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेला एक माणूस)

मागच्या वेळी घरगुती सिलेंडरवर लिहिलं होतं, त्यावर पत्रं येतील असं वाटलं होतं, पण बरीचशी निघाली भलत्याच विषयावर, रस्त्यावरून जाणाऱ्या स्फोटकांच्या गाड्यांवर. त्यात विदर्भातले वाचक जास्त, आणि नवल नाही, नागपूरच्या आजूबाजूला स्फोटकांचे कारखाने, तिकडे वणी-चंद्रपूरला कोळसा खाणी आणि मधे तुमचे-आमचे रस्ते. तर यावेळी सगळी जागा त्यालाच.

प्रश्न : आमच्या ढाब्यासमोरून एक्स्प्लोझिव लिहिलेल्या व्हॅन रोज जातात. एखादी पेटली तर आम्ही काय करायचं? आणि अशा आगीवर फायरवाले पाणीच मारत नाहीत, लांबून बघत बसतात म्हणे, खरं का? (ढाबेवाला, कोंढाळीजवळ)

भाऊ, अर्धं खरं आहे. आग मालापर्यंत पोचली की नाही, सगळं त्यावर ठरतं. टायर पेटलाय, इंजिनातून धूर येतोय, केबिन जळतेय पण मागचा डबा शाबूत आहे, तर पाणी मारायचं आणि धो धो मारायचं, जमलं तर मॉनिटर (पाण्याची तोफ) लांबून लावून सोडून द्यायचा आणि माणसं मागे घ्यायची. टायरची आग फार लबाड असते, विझली विझली म्हणता पुन्हा भडकते, त्यामुळे तिच्यावर नजर ठेवावी लागते. पण एकदा का आग मालाला लागली की मग विझवायची नाही. जळू द्यायचं. ट्रॅफिक बंद, आणि चारी बाजूंनी १६०० मीटर रिकामं करायचं. हा आकडा माझा नाही, उत्तर अमेरिकेतलं इमर्जन्सी रिस्पॉन्स गाईडबुक आहे ना, त्यातल्या ११२ नंबरच्या गाईडमधला आहे (आपला फोन नंबरही ११२च, निव्वळ योगायोग). आग नाही, गाडी नुसती उलटलीय, माल सांडलाय, तरी सुरुवातीला ५०० मीटर.

लोकांना वाटतं घाबरले. अहो, स्फोटकाला जळायला बाहेरची हवा लागतच नाही, लागणारा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो, म्हणून फोम टाकून, झाकून, कोंडून ते विझत नाही. आणि खोक्यांच्या थप्पीच्या आत पाणी शिरत नाही. वर घड्याळ तुमच्या हातात नसतं. इंग्लंडमध्ये पीटरबरोला २२ मार्च १९८९ ला साधारण ८०० किलो स्फोटकं असलेली एक व्हॅन इंडस्ट्रियल एस्टेटमधल्या आवारात गतिरोधकावरून गेली, आत आग लागली आणि थोड्याच मिनिटांत सगळं उडालं. एक फायरमन गेला, शंभरावर लोक जखमी. व्हॅन, आणि निमित्त एक गतिरोधक.

आता तुम्ही काय करायचं. आधी गिऱ्हाइकं बाहेर काढा, मागच्या बाजूने, रस्त्याकडे नाही. गॅस बंद करा पण त्यासाठी थांबू नका. लांब गेल्यावर ११२ किंवा १०१ ला फोन, आणि फोनवर "गाडी पेटली" एवढंच सांगू नका, "स्फोटकांची गाडी पेटली" असं सांगा. गाडीवर नारिंगी रंगाचा चौकोन असतो, टोकावर उभा, त्यावर फुटणाऱ्या बॉम्बचं चित्र आणि १.१, १.३ असा धोक्याचा वर्ग सांगणारा नंबर (१.४ वर बॉम्बचं चित्र नसतं, नुसता नंबर), शिवाय माल कोणता ते सांगणारा चार आकडी यूएन नंबर. लांबून मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून दिसला तर वाचून सांगा, नाही दिसला तर सोडून द्या, त्यासाठी एक पाऊल पुढे जायचं नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, ड्रायव्हरला मारू नका. आपल्याकडे ॲक्सिडेंट झाला की पब्लिक आधी ड्रायव्हरला धरतं, म्हणून तो शेतातून पळतो, आणि आत काय आहे, किती आहे, डेटोनेटर (स्फोट सुरू करून देणाऱ्या छोट्या नळ्या) आहेत का हे माहीत असलेला तो एकटाच माणूस तिथून गायब होतो. त्याच्याकडे ट्रेम कार्ड (माल कोणता आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) असतं, कागद असतात. त्याला पाणी द्या, सोबत लांब घेऊन जा आणि पहिली फायरची गाडी आली की तिच्या ऑफिसरसमोर उभा करा. ढाबेवाला म्हणून तुम्ही याहून मोठी मदत करूच शकत नाही.

प्रश्न : मी १०८ वर ड्रायव्हर आहे. अशा गाडीच्या केबिनमध्ये माणूस अडकलेला दिसला तर आम्ही जायचं की थांबायचं? डॉक्टर म्हणतात जाऊ, मला भीती वाटते. (वाचक, वणी)

तुमची भीती शहाणी आहे, डॉक्टरांची तळमळही खरी आहे. आग नसेल आणि नुसता ॲक्सिडेंट असेल तर माणूस काढता येतो, पण कमीत कमी लोकांनी, चटकन, ठिणगी उडेल असं काही न करता, व्हॅन सुरू करायची नाही, खोकी हलवायची नाहीत, बिडीवाल्याला तर लांबूनच हाकला. कुणी आत जायचं हे फायरचा किंवा पोलिसांचा जो तिथला प्रमुख असेल तो ठरवेल. तुमची ॲम्ब्युलन्स घेऱ्याच्या बाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, तोंड परतीच्या रस्त्याकडे करून लावा, पेशंट तुमच्याकडे येईल. शक्यतो टेकाड, बांध, पक्की इमारत असं काही तुमच्या आणि व्हॅनच्या मधे असू द्या, व्हॅन डोळ्यांना दिसतेय म्हणजे तिचे तुकडेही तुमच्यापर्यंत येऊ शकतात.

आग मालापर्यंत पोचली असेल तर नाही जायचं. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही, पण एकाला वाचवायला दोघं गेले की तिघं जातात असा हिशोब आहे तो.

वायरलेसचं पण सांगतो, कारण कुणी विचारत नाही. इलेक्ट्रिक डेटोनेटर असतील तर १०० मीटरच्या आत वायरलेस सेटवरून बोलायचं नाही. मोबाईलही ट्रान्समीटरच आहे, त्यामुळे फोन करायचा तो मागे येऊन. वॉकीटॉकी हातात घेऊन व्हॅनला टेकून "ओव्हर ओव्हर" करणारे महाभाग असतात.

प्रश्न : माझा भाऊ नुकताच नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात लागला. १४ एप्रिलला त्यांच्याकडे श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो. तेव्हा गोदीत एवढे फायरमन का गेले? आता असं होणार नाही ना? (एक बहीण, कराड)

ताई, १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज. जहाजात साधारण १४०० टन स्फोटकं आणि त्याच पोटात कापसाच्या गासड्या. दोन नंबरच्या होल्डमध्ये (माल ठेवायच्या कप्प्यात) खाली कापूस, वर स्फोटकं, म्हणजे चुलीवर दारूगोळा ठेवल्यासारखंच. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला, ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं, आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना, पाणी उकळायला लागलं. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. मधे १६ मिनिटं. त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरा. फायर ब्रिगेडचे ६६ जण गेले. मुंबईत आजही त्या स्फोटाचा विषय निघाला की लोक आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटांबद्दल बोलतात, मला त्याचा राग येतो, असो.

ते घाबरट नव्हते हे सांगायची गरज नाही, पण "अमुक झालं की मागे फिरायचं" अशी रेषा त्यांना कुणी आखून दिलेली नव्हती. आता नियम आहेत, स्फोटकांचा कायदा १८८४ चा, नियम २००८ चे, वर नागपूरला मुख्यालय असलेली पेसो (स्फोटकांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था), गाडीवर फलक लागतात, ड्रायव्हरचं ट्रेनिंग असतं. तरी "होणार नाही" असं मी तुम्हाला लिहून देणार नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीत २९ नोव्हेंबर १९८८ च्या पहाटे रस्त्याच्या कामाच्या साईटवर आग लागली, तिथे एक्स्प्लोझिव असू शकतात असं कंट्रोलने सांगितलंही होतं, पण ज्या ट्रेलरमध्ये माल होता त्याच्यावर तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. फायरच्या दोन गाड्यांवरचे सहाच्या सहा फायरमन गेले. आणि आता पुढचं ऐका, कारण भावाला मला हेच सांगायचंय. पहिल्या स्फोटानंतर तिथल्या बटालियन चीफने बाकी कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, सहा साथीदार समोर पडलेत हे माहीत असून सगळ्यांना मागे खेचलं. साधारण ४० मिनिटांनी दुसरा स्फोट झाला, त्यात एकही माणूस गेला नाही. त्या माणसाने स्वतःच्या लोकांना मागे धरून ठेवताना काय सोसलं असेल, विचार करा. भावाला सांगा, गाडीतून उतरायच्या आधी विचार, आत काय आहे. उत्तर मिळेपर्यंत लांब थांबला तर कुणी टोमणा मारेल, मारू दे. आणि स्फोटकंच आहेत असं कळलं, तर बीडीडीएसला (पोलिसांच्या बॉम्ब शोधक-नाशक पथकाला) बोलवायला लाजायचं नाही.

प्रश्न : अमोनियम नायट्रेट हे खत आहे ना? मग ट्रकवर स्फोटकाचा फलक नसतो, पिवळा असतो, तरी त्याची एवढी भीती का? (शेतकरी, जालना)

दादा, फलक पिवळा असतो कारण वाहतुकीत ते ऑक्सिडायझर म्हणून धरतात, वर्ग ५.१, यूएन नंबर १९४२. शांत असतं तेव्हा शांतच असतं. पण आगीत सापडलं, वितळलं, डिझेल-बिझेल मिसळलं किंवा बंद जागेत कोंडलं गेलं की उडू शकतं. टेक्सास सिटीत १६ एप्रिल १९४७ ला ग्रँडकॅम्प जहाजावर हाच माल पेटला, माल भिजून खराब होऊ नये म्हणून झाकणं बंद करून आत वाफ सोडली गेली, वाफेने हवा कोंडली तरी हा माल आपला ऑक्सिजन आपणच देतो, उलट उष्णता वाढली. नारिंगी धूर बघायला माणसं धक्क्यावर गोळा झालेली. गावाच्या फायर दलातला एक सोडून सगळे गेले.

आणि ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ५ सप्टेंबर २०१४ ला पन्नासेक टन नायट्रेटचा ट्रक अँजेलाला क्रीकच्या पुलापाशी उलटला, पेटला आणि उडाला. पूल गेला, फायरच्या गाड्या गेल्या, आठ जण जखमी झाले, जीव एकाचाही गेला नाही. त्यामुळे पिवळा फलक पेटलेला दिसला तर नारिंगीच समजून लांब जा. आपल्याकडे याच्यासाठी २०१२ पासून वेगळे नियम आहेत, त्यामुळे कुणी गोणी "स्वस्तात" देत असेल तर घेऊ नका, हेही जाता जाता.

प्रश्न : दिवाळीआधी फटाक्यांचे टेम्पो गल्लीत उभे असतात. एखादा पेटला तर पोरं व्हिडिओ काढायला धावतात. किती लांब थांबावं? (वाचक, सोलापूर)

खोक्यांवर १.४ लिहिलेलं असेल तर आगीत ५०० मीटर, १.३ असेल तर तेच १६०० मीटर. पण टेम्पोत काय काय कोंबलंय ते तुम्हाला कळणार नाही आणि बऱ्याच टेम्पोंवर फलकच नसतो, तेव्हा मोठाच आकडा धरा. आणि पोरांना खिडकीच्या काचेमागूनही शूटिंग करू देऊ नका. हॅलिफॅक्सला ६ डिसेंबर १९१७ ला बंदरात स्फोटकांचं जहाज जळत होतं ते लोक घराच्या खिडक्यांतून बघत उभे होते, काचा फुटून कितीतरी जणांचे डोळे गेले. टेम्पो गल्लीत रात्रभर उभा राहत असेल तर पेटायची वाट कशाला बघताय, पोलीस स्टेशनला आणि फायर स्टेशनला लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि गाडीचा नंबर त्यात लिहा.