चक्कर आली की मान मोडून घ्यायची का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे, चक्कर आणि तोल जाणं याचेच पेशंट जास्त बघते. यावेळी प्रश्न मागवले तर निम्म्याहून जास्त लोकांनी एकच विचारलंय, मान मोडून घेऊ का नाहीतर सुया (अ‍ॅक्युपंक्चर) लावून घेऊ का. म्हणून तेच आधी घेते.

प्रश्न : तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे, माझं वय ४८. मांडवाखाली विरळणी करताना मान वर केली की सगळं गरगर फिरतं, रात्री उजव्या कुशीवर वळलं तरी तसंच. अर्ध्या मिनिटात थांबतं. एक्सरेत मानेत गॅप आहे म्हणाले. कायरोप्रॅक्टिकवाले (हातानं मणके दाबून, झटके देऊन उपचार करणारे) म्हणतात १२ सिटिंग घ्या, मणका जागेवर बसला की चक्कर जाईल. घेऊ का?

ताई, पैसे भरायच्या आधी जरा थांबा. कूस बदलली की फिरतं आणि अर्ध्या मिनिटात थांबतं असं तुम्हीच लिहिलंय, आणि हे वर्णन मानेचं नाही हो, कानाचं आहे. कानाच्या आत खोलवर तोल सांभाळणारा भाग असतो, तिथं कॅल्शियमचे अगदी बारीक कण चिकटलेले असतात, ते कधीकधी सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळीत शिरतात, मग डोकं एका ठरावीक बाजूला गेलं की कण घरंगळतात, नळीतलं पाणी हलतं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. कण खाली बसले की चक्कर थांबली. याला बीपीपीव्ही म्हणतात, आणि गरगरणाऱ्या चक्करचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच आहे.

एक्सरेचं म्हणाल तर चाळिशी-पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेत काही ना काही झीज दिसतेच, ज्यांना आयुष्यात चक्कर आली नाही त्यांच्याही मानेत दिसते. आपल्याकडे एक्सरे बघून मानेचा पट्टा देतात आणि बायका सहा-सहा महिने तो घालून भाकऱ्या थापतात, मला फार वाईट वाटतं ते बघून.

तुम्ही कान-नाक-घसा डॉक्टरांकडे नाहीतर चक्करचं काम करणाऱ्या फिजिओकडे जा, मिरज जवळच आहे तुम्हाला. ते डोकं एका बाजूला ४५ अंश वळवून पटकन आडवं करतील आणि तुमच्या बुबुळांकडे बघतील. कण सुटलेले असतील तर बुबुळं ठरावीक पद्धतीनं थरथरतात, त्यावरून कान कुठला आणि नळी कुठली ते कळतं. मग एप्ली मॅन्युव्हर करतात, जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी शोधलेली पद्धत. डोकं टप्प्याटप्प्यानं वळवून कण पुन्हा मूळ जागी आणायचे, पाच-दहा मिनिटांचं काम. दहातल्या साधारण आठ जणांना एक-दोन वेळात उतार पडतो, १२ सिटिंग लागत नाहीत. पुढं कधीतरी त्रास परत येऊ शकतो, तेव्हा घाबरू नका, परत तेच करायचं.

काही कायरोप्रॅक्टर एप्ली नीट शिकलेले असतात, त्यांनी तेवढंच केलं तर माझी हरकत नाही. पण डोकं वळवणं वेगळं आणि मानेला कट्टदिशी झटका देणं वेगळं. कायरोप्रॅक्टिकची सुरुवातच कानावरून झालेली आहे बघा, १८९५ साली अमेरिकेत डी. डी. पामर यांनी ऐकू न येणाऱ्या एका माणसाचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं असा दावा केला. पण ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, मणक्यातून जातच नाही. चक्करचंही तसंच, कण कानात आहेत तर ते मान मोडून कसे हलणार?

आणि बरं वाटेपर्यंत मांडवाखालचं काम दुसऱ्या कुणाला द्या, स्टुलावर तर चढूच नका.

प्रश्न : वय ३१, सांगली. चार दिवसांपूर्वी सलूनमध्ये कटिंगनंतर मान मोडून घेतली, नेहमीच घेतो. परवापासून मानेच्या मागं एका बाजूला जोरात दुखतंय, असं कधी दुखलं नव्हतं, आणि चालताना एका बाजूला झोल जातो. मालिश करू का अ‍ॅक्युपंक्चर?

यांना मी त्याच दिवशी कळवलं की दोन्ही नको, आत्ताच्या आत्ता न्यूरोलॉजिस्ट असलेल्या हॉस्पिटलला जा. बाकीच्यांसाठी इथं लिहिते. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी भोकं असतात आणि त्यातून लहान मेंदूला रक्त नेणारी रक्तवाहिनी वर जाते. जोराच्या झटक्यानं तिचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथं गुठळी होते, ती वर सरकली की स्ट्रोक. हे क्वचित होतं, पण होतं, आणि कधी काही तासांनी तर कधी काही दिवसांनी कळतं. त्यामुळं मान मोडल्यावर नवीनच प्रकारचं दुखणं, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यायचं असतं. सलूनमध्ये बसल्यावर आधीच सांगा, दादा मान मोडू नका. तो प्रेमानंच करत असतो, पण त्याला आतली रक्तवाहिनी दिसत नाही, आणि हाच नियम शिकलेल्या माणसाच्या झटक्यालाही लावा.

प्रश्न : कराडहून लिहितेय. महिन्यातून दोन-तीनदा चक्कर येते, तास-दोन तास राहते, उलट्या होतात, उजव्या कानात गुंईं आवाज आणि कान भरल्यासारखा. मैत्रीण म्हणते अ‍ॅक्युपंक्चर कर.

आधी ऑडिओमेट्री करून घ्या, म्हणजे ऐकण्याची तपासणी. तास-दोन तासांची चक्कर, कानात आवाज, कान भरणं हे सगळं एकत्र आलं की मेनिएर नावाच्या कानाच्या आजाराचा विचार करावा लागतो, त्यात ऐकू येणं हळूहळू कमी होतं म्हणून वेळ घालवायची नाही. अर्धशिशीचीही अशी चक्कर असते, डोकं दुखतं का, उजेड-आवाज सहन होत नाही का ते लिहून ठेवा. लोणचं, पापड, फरसाण असं खारट खाणं कमी करा.

अ‍ॅक्युपंक्चरला मी नावं ठेवणार नाही. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते आपल्याला माहीत आहेत, त्यांच्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बासू नंतर चीनमध्ये ही विद्या शिकले आणि त्यांनी ती भारतात आणली. मनगटाच्या आतल्या बाजूला घडीपासून तीन बोटं वर एक पॉइंट आहे, ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी त्याचा चांगला अभ्यास झालाय. त्यामुळं मळमळ, ताण, झोप यासाठी जोडीला घ्यायचं असेल तर घ्या. पण कानातले कण सुईनं जागेवर जात नाहीत आणि मेनिएरमध्ये ऐकू येणं त्यानं वाचतं असंही मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, तेव्हा रजिस्ट्रेशन नंबर विचारा, सुया नवीन पाकिटातून तुमच्यासमोर काढायला सांगा आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

प्रश्न : वडील ७१, सातारा. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. बीपी आणि प्रोस्टेटच्या गोळ्या चालू. मणक्याचं काही करावं का?

नको. झोपून बीपी मोजा, उभं करून तीन मिनिटांच्या आत परत मोजा, वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर दोन्ही गोळ्या सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून गोळी बंद करू नका. तोवर काकांना सांगा, रात्री लघवीला उठताना आधी कॉटवर मिनिटभर बसा, पाय हलवा, आणि बाथरूमचा लाइट चालूच ठेवा.