‘डबल बॉयलर’ सांगून सिंगलवालं एस्प्रेसो मशीन दिलं, आता परत घेत नाहीत. पैसे मिळतील का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात: घरी वापरायला ऑनलाइन एस्प्रेसो मशीन घेतलं. पेजवर ‘१५ बार प्रेशर, डबल बॉयलर, कॅफेसारखी चव’ असं लिहिलेलं. आल्यावर कळलं की कॉफीचा शॉट काढताना दूध स्टीम होतच नाही, एक झालं की थांबून दुसरं. चौथ्या दिवशी ॲपवर तक्रार केली, त्यांचा माणूस येऊन ‘असंच असतं’ सांगून गेला, तोवर सात दिवसांची रिटर्नची मुदत संपली. आता विक्रेता म्हणतो बॉक्स उघडला, मशीन वापरलं, शिवाय मी घरून काम करते आणि आलेल्या क्लायंटना कॉफी देते म्हणजे हा धंद्यासाठीचा वापर. प्लॅटफॉर्म म्हणतो आम्ही फक्त मध्यस्थ. कॉफीही आंबट लागते. दोन महिने झाले, काय करू?

उत्तर:

ताई, पैसे मिळण्याची शक्यता चांगली आहे, पण तुम्ही जो तक्रारीचा मसुदा पाठवलाय तो तसाच देऊ नका. त्यात चव आंबट आहे, १५ बार खोटं आहे, माणूस उद्धट बोलला, मनस्ताप झाला, असं सगळं एकत्र आलंय आणि जी गोष्ट खरंच तुम्हाला जिंकून देईल ती तिसऱ्या पानावर एका ओळीत आहे. तुमची केस ‘डबल बॉयलर’ या दोन शब्दांवर उभी आहे. बाकीचं काढा किंवा मागे टाका.

कारण सांगते. १५ बार हा आकडा बहुतेक वेळा पंपाची कमाल क्षमता असतो, एस्प्रेसो निघतो तो साधारण ९ बारला, म्हणजे पेजवरचा दावा निरुपयोगी असला तरी खोटा नसेल आणि समोरचा वकील पंपाचं स्पेसिफिकेशन दाखवून तुम्हालाच चुकीचं ठरवेल. चवीचं तर त्याहून अवघड, आंबट कॉफी म्हणजे बऱ्याचदा एक्सट्रॅक्शन कमी झालंय (पावडरीतून अर्क पुरेसा उतरला नाही), दळण जाड आहे किंवा पाणी पुरेसं गरम नाही, १८ ग्रॅम पावडरीतून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी २५ ते ३० सेकंदांत यायला हवी ती दहा सेकंदांत धो धो येत असेल तर दोष ग्राइंडरच्या सेटिंगचा निघू शकतो. ग्राहक आयोगापुढे चव सिद्ध करता येत नाही. आत हीटर किती आहेत हे सिद्ध करता येतं.

आणि हा फरक नुसता तांत्रिक नाही. कॉफीला पाणी ९० ते ९६ अंशांच्या आसपास लागतं, वाफेला त्याच्या बरंच वर, १२० च्या पुढे. दोन बॉयलर असले तर दोन्ही तापमानं एकाच वेळी तयार असतात, एकच बॉयलर किंवा थर्मोब्लॉक (पाणी वाहतानाच तापवणारा हीटर) असला तर ते वर न्यायचं मग परत खाली आणायचं. (हीट एक्सचेंजरवालं मशीन एकाच बॉयलरवर दोन्ही एकदम करतं, पण तुमचं तेही नाही, तसं असतं तर थांबावं लागलं नसतं.) तुम्ही मॅन्युअलचे जे फोटो पाठवलेत त्यातल्या स्टीमच्या पानावर खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की वाफ काढल्यावर मशीन थंड होईपर्यंत थांबा, दिवा लुकलुकत असताना कॉफी काढू नका, आणि शेवटच्या पानावर हीटिंगपुढे ‘थर्मोब्लॉक’ एवढंच आहे. ताई, हे त्यांनीच छापलेलं आहे! एका बाजूला विक्रीचं पान, दुसऱ्या बाजूला हे मॅन्युअल, याच्याइतका चांगला पुरावा फार कमी ग्राहकांकडे असतो.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये मालाचा दर्जा किंवा प्रकार खोटा सांगणं हे अनुचित व्यापारी प्रथेत येतं, कलम २(४७) बघा. त्याहून सरळ म्हणजे ई-कॉमर्स नियम २०२०, त्याच्या नियम ६ प्रमाणे जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं मालात नसतील तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. सात दिवसांची पॉलिसी त्यांची स्वतःची आहे, ती या नियमाच्या वर नाही, आणि तसंही तुम्ही चौथ्या दिवशी लिहिलंय. तो चॅट सोन्यासारखा जपा.

बॉक्स उघडला म्हणून परत नाही, हा मुद्दा टिकणारा नाही कारण बंद खोक्यातून बॉयलर मोजता येत नाहीत. मालविक्री कायदा १९३० चं कलम ४१ खरेदीदाराला माल तपासायची वाजवी संधी देतं. पण त्याच्याच पुढचं कलम ४२ तुमच्या अंगावर येऊ शकतं, न कळवता माल ठेवून घेतला किंवा मालकासारखा वापरत राहिलात तर तो स्वीकारला असं धरतात. तुम्ही कळवलंय हे चांगलं, पण पत्रात ‘अजूनही रोज सकाळी त्यावरच करते’ असंही लिहिलंय आणि ते वाचून मला काळजी वाटली. आजपासून मशीन बंद करा. टाकीतलं पाणी काढा, पुसून मूळ खोक्यात ठेवा, फोटो काढा, आणि त्यांना ईमेल करा की मी वापर थांबवलाय, तुमचा माल माझ्याकडे सुरक्षित आहे, घेऊन जा. आणि कृपा करून कुणालाही स्क्रू काढून आत बघू देऊ नका, अगदी ओळखीचा इलेक्ट्रिशियन असला तरी नाही. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग स्वतः माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आधीच उघडलेलं मशीन दिसलं की ‘तुम्हीच आतून छेडछाड केली’ हे उत्तर तयार असतं.

धंद्याच्या वापराचा मुद्दा ऐकून तुम्ही घाबरलात असं वाटलं, घाबरू नका. त्याच कायद्याच्या कलम २(७) मध्ये व्यावसायिक कारणासाठी घेतलेला माल वगळलाय हे खरं, पण खरेदीचा मुख्य हेतू काय हे बघतात. लीलावती रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नर्सेसच्या राहण्यासाठी घेतलेले फ्लॅटसुद्धा व्यावसायिक कारणासाठी नाहीत असं धरलं, कारण नफा कमावण्याशी त्यांचा थेट संबंध नव्हता. तुम्ही घरी कॉफी पिता आणि आलेल्या माणसाला एक कप पुढे करता, त्याचे पैसे घेत नाही. एवढं स्पष्ट शब्दांत तक्रारीत लिहा. कपाचे पैसे घेत असतात तर वेगळा विचार करावा लागला असता, तेव्हाही केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठीचा स्वयंरोजगार असेल तर कायद्यात सूट आहेच.

प्लॅटफॉर्म हात झटकतोय त्याचं असं आहे की ई-कॉमर्स नियमांतल्या नियम ५ प्रमाणे मालाचं वर्णन आणि फोटो खरे आहेत अशी हमी त्यांनी विक्रेत्याकडून घ्यायची असते, आणि नियम ४ प्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन एका महिन्यात निवारण करायचं असतं. म्हणून तक्रारीत विक्रेता, प्लॅटफॉर्म आणि खोक्यावर ज्याचं नाव छापलंय तो आयातदार, तिघांनाही पक्ष करा. कोण किती जबाबदार ते त्यांना आपसात भांडू दे.

पहिलं काम मात्र आजच्या आज करा. विक्रीचं पान अजून तसंच आहे असं तुम्ही म्हणता, ते कधीही बदलू शकतं, म्हणून ॲड्रेस बार आणि तारीख दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या, ऑर्डरचा ईमेल आणि बिल डाउनलोड करा. हे इलेक्ट्रॉनिक पुरावे दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५बी सारखंच, ते वकिलाकडून नीट करून घ्या. मग तक्रार अधिकाऱ्याला चार ओळींचा ईमेल: पानावर हे लिहिलं होतं, मॅन्युअलमध्ये हे आहे, अमुक तारखेला कळवलं, पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत करा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, कितीतरी प्रकरणं तिथेच मिटतात. आणि मागताना रिफंडच मागा, रिप्लेसमेंट नको, त्याच मॉडेलचं दुसरं मशीन आलं तरी आत एकच थर्मोब्लॉक असणार!

नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, तुम्ही जिथे राहता तिथलाच चालतो, विक्रेता कुठलाही असो. भरलेली किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही आणि ऑनलाइन दाखल करता येते. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं लिहिलंय पण प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून मध्ये मध्यस्थीचा प्रस्ताव आला आणि पूर्ण किंमत मिळत असेल तर माझ्या मते घ्यावी. मनस्तापाची भरपाई मागा पण मशीनच्या किमतीच्या दसपट नको, तुमच्या मसुद्यातला आकडा बघून खरी तक्रारही अविश्वसनीय वाटायला लागते.

पुढचं मशीन कुठलं घ्यावं हेही विचारलंत. मॉडेल मी सांगणार नाही, पण पैसे भरण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा: शॉट आणि स्टीम एकाच वेळी होतं का, बॉयलर किती, बास्केट (पावडर भरायची जाळी) साधं की प्रेशराइज्ड (स्वतःच दाब तयार करणारं), व्होल्टेज २३० चं आहे का (११० वाल्या देशातून आणलेली मशीनं फिरत असतात), वॉरंटी आयातदाराची की फक्त दुकानदाराची, गॅस्केट आणि पंप इथे मिळतात का, खारं पाणी वापरलं तर वॉरंटी जाते का. उत्तर चॅटमध्ये आलं की तो कराराचा भाग म्हणून दाखवता येतो, फोनवर आलं तर हवेत गेलं. रोज एक-दोनच कप करत असाल तर डबल बॉयलरची गरज आहे का हेही एकदा बघा, तोच पैसा ग्राइंडरमध्ये घातला तर कपात जास्त फरक पडतो.

सोबत घेतलेला ग्राइंडर चालतोय आणि त्याचं वर्णन बरोबर आहे, तो या तक्रारीत ओढू नका, ठेवून घ्या. तक्रार दाखल करायची मुदत ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं आहे, ती नकाराच्या ईमेलपासून मोजायचा मोह होईल पण तुम्ही डिलिव्हरीच्या तारखेपासूनच धरा आणि वकिलाकडे जाताना मशीन घरी ठेवून बिल, मॅन्युअल आणि तो चौथ्या दिवसाचा चॅट घेऊन जा.