खोका आतून मोजता की बाहेरून?

इंदूरच्या सांवेर रोडच्या गोडाउनमधून शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरवायचा मसाला) जातं, रोज तीनेकशे ऑर्डर, सहा मापांचे तयार खोके आणि कुरिअरच्या दर बिलात 'वजनातला फरक' म्हणून वेगळी रक्कम. आता मापाप्रमाणे खोका कापणारं ऑटोमॅटिक मशीन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. ती 'फरका'ची ओळ इतकी ओळखीची आहे की वाचूनच चरफड झाली.

व्हॉल्युमेट्रिक वजन (सेंमीतली लांबी×रुंदी×उंची भागिले कुरिअरचा ठरलेला भाजक; हे आणि खरं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे) जास्त सांगत बसत नाही, बिल भरताय म्हणजे माहीत असणारच. सगळ्यात महाग पडलेली चूक तेवढी सांगतो. मशीनमध्ये भरलेलं माप खोक्याच्या आतलं होतं आणि कुरिअर मोजतो बाहेरून.

400 ग्रॅमची दोन पाकिटं, खोक्यासकट 950 ग्रॅम. आतलं माप 24×18×11 सेंमी. भागिले 5000 केलं की 0.95, म्हणजे एक किलोत बसलं असं वाटतं. पण तीन प्लायचा बी फ्ल्यूट (फ्ल्यूट म्हणजे मधला नागमोडी थर) पुठ्ठा साधारण 3 मिमी जाड. लांबी-रुंदीत दोन-दोन भिंती, म्हणजे 6-6 मिमी वाढले. उंचीत मात्र वर दोन आणि खाली दोन असे फ्लॅपचे चार थर, म्हणजे 12 मिमी. बाहेरचं माप झालं 24.6×18.6×12.2, वजन 1.12. अर्ध्या किलोचा स्लॅब (वजन पुढच्या अर्ध्या किलोवर नेऊन आकारणी) असेल तर पैसे दीड किलोचे! ई फ्ल्यूट (दीड मिमी) घेतला तरी 1.03 येतं, थोडक्यात हुकतं. बी फ्ल्यूटच ठेवून आतली उंची साडेनऊ केली तर 0.98. सगळा खेळ दीड सेंटिमीटरचा. (5000 आणि स्लॅब दोन्ही तुमच्या करारात बघून घ्या, सरफेसला (रस्त्याने जाणाऱ्या मालाला) भाजक वेगळा असू शकतो.)

त्यात खोका फुगतो. फ्लॅप दाबून टेप मारली की मधे पोट येतं, आणि कुरिअरचं स्कॅनर सगळ्यात उंच बिंदू धरतं. म्हणून स्लॅबच्या कडेवर माप कधीच ठेवू नका, उंचीत पाच मिमी तरी हातचे राखा, म्हणजे वरच्या खोक्यात साडेनऊऐवजी 9.2.

तक्रार करून पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. वजनाच्या तक्रारी बघणारं जे ऑफिस असतं (नाव घेत नाही), तिथून आपण पुराव्याला पाठवलेले फोटो परत येतात. कधी लेबल त्याच फ्रेममध्ये नाही म्हणून, कधी मोजपट्टीचं शून्याचं टोक दिसत नाही म्हणून. शेवटी 'तपासणीअंती आकारणी योग्य' असं एका ओळीचं उत्तर, आणि तोवर मुदत संपलेली. लेबल, वजनकाट्याचा आकडा आणि तिन्ही बाजूंना लावलेली मोजपट्टी, हे सगळं पॅकिंगच्या टेबलावरच, टेप मारल्यावर लगेच टिपायचं. वरून खाली बघणारा एक कॅमेरा टांगला तर काम सोपं होतं.

आता मशीन. एक प्रकार घडीच्या अखंड पुठ्ठ्यातून मापाचा खोका कापून देतो, उभारायचा आणि भरायचा माणसाने. दुसरा सरकत्या पट्ट्यावरचा माल स्कॅन करून कापतो, दुमडतो, चिकटवतो, लेबलही लावतो. त्याचा वेग तासाला शेकड्यांत असतो. तीनशे ऑर्डरला तो म्हणजे दोन माणसांच्या पोह्यांसाठी लग्नातली कढई. माझं मत, मशीन विकणारे नाही म्हणतील.

तरी घेणारच असाल तर डेमोला स्वतःचा माल घेऊन जा. लाकडी ठोकळ्यावर सगळी मशीनं छान चालतात. तुमची नायट्रोजन भरलेली पाकिटं उशीसारखी असतात. दाबली तर शेवेचा चुरा, नाही दाबली तर स्कॅनर उंची जास्त धरतं. चकचकीत चंदेरी पाकिटावर तर कॅमेरा बरेचदा चुकतो, भलताच आकडा दाखवतो. वर खाकी कागद टाकून स्कॅन करून बघा. आणि पाकिटं आडवी ठेवायची की उभी, हे मशीन नाही, पट्ट्यावर ठेवणारा पोरगाच ठरवतो. प्रत्येक नेहमीच्या ऑर्डरची रचना फोटोसकट टेबलावर चिकटवा.

पावसाळ्यात पुठ्ठा दमट झाला की वाकतो आणि फीडमध्ये अडकतो, म्हणून घड्या पॅलेटवर, भिंतीपासून लांब. थंडीत उलट गंमत. पुठ्ठा गार असला की हॉटमेल्ट (गरम करून लावायचा गोंद) फ्लॅप दुमडायच्या आतच थिजतो, सकाळचे पहिले खोके उघडे पडतात. रात्रीच पुठ्ठा आत आणून ठेवा.

आधी मात्र तीन महिन्यांच्या ऑर्डर काढून बाहेरच्या मापाने वजनं लावा. सहापैकी दोन खोके बदलून आणि बाकीच्यांना वेगवेगळ्या उंचीवर क्रीजच्या रेघा (जिथून खोका कमी उंचीला दुमडता येतो) मारून घेऊन (खोकेवाला करून देतो, सांगावं लागतं) किती पार्सलं खालच्या स्लॅबमध्ये येतात ते मोजा. तो आकडा इथे टाका, मग मशीनचं बोलू.