तर्री वेगळी ठेवा

म्युनिकहून एका सूनबाईंचं पत्र आलंय. सासरे नागपूरच्या महाल भागातले, वय ७२, तीन महिन्यांसाठी आलेत. पहिल्याच दिवशी आमटीची वाटी बाजूला सारून म्हणाले, "काहून, मिरची महाग आहे का इकडे?" तेव्हापासून घरात रोज दोन भाज्या नि दोन आमट्या शिजतात, कारण पाच आणि आठ वर्षांच्या मुलांना तिखट सोसत नाही. त्यात मिरचीची फोडणी टाकली की धुराचा अलार्म कोकलतो.

सूनबाई, टोमणा तुमच्या हाताच्या चवीला नाही. वय वाढतं तसं नाक मंदावतं, आणि जिला आपण चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा नाकाचा असतो. तिखट ही मुळात चवच नव्हे, तो चटका आहे. साधारण ४३ अंशांच्या पुढची उष्णता मज्जातंतूंवरचा जो ग्राहक (रिसेप्टर) ओळखतो, तोच मिरचीतल्या कॅप्सेसिननंही जागा होतो; त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. धन्या-खोबऱ्याचा वास पोचला नाही तरी चटका पोचतोच. शिवाय रोजच्या माऱ्यानं जीभ सरावते. सावजी रश्शावर वाढलेल्या माणसाला तुमची आमटी सपक लागायचीच.

दोन स्वयंपाक मात्र आजपासून बंद. कस्तुरचंद पार्कजवळ पोहे खाल्लेत ना? पोहे सौम्यच असतात, वरून चण्याची तर्री, म्हणजे तिखट तेलकट रस्सा, ज्याला जेवढी झेपेल तेवढी. वडाभाताचंही तसंच, तेल ज्याचं त्यानं ओतून घ्यायचं. नागपूरनं हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय, आपणच परदेशात गेल्यावर विसरतो.

तेव्हा रस्सा एकच करा: खसखस, भाजलेलं खोबरं, धने, दगडफूल, घट्टपणाला थोडं ज्वारीचं पीठ; मिरची नाही. मुलांच्या वाट्या आधी भरा. मग छोट्या कढल्यात तेल तापवून गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि मग तिखट घाला. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही, म्हणून तेल चांगलं लालभडक नि जहाल होतं. धूर निघालेल्या तेलात तिखट पडलं तर ते करपतं, घरभर ठसका उठतो, अलार्मही त्यालाच बोंबलतो. ही तर्री बरणीत भरून सासऱ्यांसमोर ठेवा. लसूण घातली असेल तर बरणी फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायची. पुढच्या खेपेला त्यांना भिवापुरी मिरचीचं तिखट आणायला सांगा. नागपूर जिल्ह्यातल्या या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, रंग सुरेख येतो. (माझे मामा ठेच्याची डबी खिशात घेऊन लग्नाला जायचे. यजमान कधी रागावल्याचं आठवत नाही.)

तब्येतीचं थोडक्यात. मिरचीनं अल्सर होतो हा समज चुकीचा. बहुतेक अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. पण अल्सर, आम्लपित्त असेल तर तिखटानं त्रास वाढतो. रक्तदाब असेल तर मिरचीपेक्षा ठेच्या-लोणच्यातल्या मिठावर नजर ठेवा. छातीत जळजळ वारंवार होत असेल तर "तिखटानं झालं असेल" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि हे सगळं सासऱ्यांना सांगायचं काम तुमचं नाही, तुमच्या नवऱ्याचं. वडील त्याचे आहेत. जेवणाच्या ताटावर नको, दोघं फिरायला जातील तेव्हा बोलू दे.

धाकटा आजोबांच्या वाटीत बोट बुडवतो, असंही लिहिलंत. मागितलं तर पोह्यांवर एक थेंब द्यायला हरकत नाही, पैज लावून नको. भाजलंच तर पाण्याऐवजी दूध किंवा दही द्या, आणि डोळे चोळायच्या आत हात साबणानं धुऊन घ्या.