चौथ्या कॅम्पसचा नारळ फोडायच्या आधी

अरे बाळा,

तुझा मेल आला त्याच रात्री वाचला होता, पण सेमिस्टर संपत आलेलं आणि डायनिंग टेबलवर तपासायच्या पेपरांचा ढीग, त्यामुळे उत्तराला तीन आठवडे लागले, राग मानू नकोस. तुमच्या संस्थेच्या नव्या कॅम्पसची ती पीडीएफ पण बघितली. काचेची बिल्डिंग, पुढे कारंजं, कारंज्याभोवती लॅपटॉप घेऊन बसलेली गोरी गोरी मुलं (आर्किटेक्टने कुठूनतरी उचललेली दिसतायत). तुमच्याकडे मार्चपासून टँकर सुरू होतो, त्या कारंज्याला पाणी कुठून आणणार हे अध्यक्षांना कुणी विचारलं का?

बरं ते असू दे. तू विचारलंस की मावशी तुमचं नोव्हा एवढं मोठं कसं झालं, आम्हाला पाच वर्षांत एकाचे चार कॅम्पस करायचेत, काय करू. मी तिथे पार्ट-टाइम गणित शिकवते, म्हणजे मोठ्या मीटिंगला मला कुणी बोलवत नाही, पण इतकी वर्षं संध्याकाळच्या वर्गात उभी राहून जे दिसलं ते सांगते.

आधी नोव्हा म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण तुझ्या मेलमध्ये तू त्याला 'युनिव्हर्सिटी' म्हणलायस आणि तिथेच घोळ होतो. नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज, इथे अमेरिकेत सगळे नोव्हा म्हणतात. सरकारी कॉलेज, दोन वर्षांपर्यंतचं शिक्षण. कट-ऑफ नाही, डोनेशन नाही, बारावीसारखं शिक्षण झालेलं असलं की कुणीही यावं, अठराचा असो नाहीतर साठीचा. दोन वर्षं इथे कमी फी भरून मोठ्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायचं, किंवा नर्सिंग, गाड्या दुरुस्ती, कॉम्प्युटर असलं काहीतरी शिकून थेट कामाला लागायचं.

हे सुरू झालं १९६५ ला, वॉशिंग्टन शहराच्या बाहेर बेलीज क्रॉसरोड्स म्हणून एक नाका आहे तिथे, एका इमारतीत, ७६१ विद्यार्थी. तेव्हा नाव पण वेगळं, नॉर्दर्न व्हर्जिनिया टेक्निकल कॉलेज, म्हणजे आपल्या आयटीआयच्या जवळचं काहीतरी. पुढच्याच वर्षी, १९६६ ला, राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून अख्ख्या व्हर्जिनियात कम्युनिटी कॉलेजांची एक यंत्रणा उभी केली आणि १९७२ पर्यंत २३ कॉलेजं झाली सुद्धा. पैसा कुठून? तेव्हाचे गव्हर्नर मिल्स गॉडविन यांनी त्याच वर्षी राज्याचा पहिला सेल्स टॅक्स लावला. गंमत बघ, हेच गॉडविन दहा वर्षांपूर्वी काळ्या-गोऱ्या मुलांना एका शाळेत बसवायच्या विरोधातल्या गटाचे मोठे नेते होते, आणि गव्हर्नर झाल्यावर सगळ्यांसाठी दार उघडं असलेली कॉलेजं यांनीच काढली. माणूस बदलतो की मतांचं गणित बदलतं, देव जाणे.

आता तुझ्या कामाचं. १९६६ ला त्यांनी अॅनंडेल इथे ७८ एकर जागा घेतली, १९६७ ला तिथे वर्ग सुरू. आणि मग १९७० च्या आसपासच्या चार-पाच वर्षांत आणखी चार जागा: अलेक्झांड्रिया, मनॅसस, वुडब्रिज आणि आमचं लाउडन. मी लाउडनमध्ये राहते म्हणून त्याचं सांगते. १९७० च्या जनगणनेत अख्ख्या लाउडन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) ३७ हजार लोक होते, शेती आणि घोडे. २०२० ला ४ लाख २० हजार! आज तिथे एवढी डेटा सेंटर्स आहेत की जगाचं इंटरनेट इथूनच जातं असं लोक मिरवत असतात, आणि गणपतीच्या कार्यक्रमाला पार्किंग मिळत नाही इतकी आपली माणसं. म्हणजे लोक यायच्या कितीतरी आधी जागा घेऊन ठेवली होती, घोडे चरत होते तेव्हा. आज तेवढी जमीन घ्यायची म्हणली तर कुठलीही काउंटी हात वर करेल. तुमच्या अध्यक्षांना जागा घ्यायची घाई आहे ना, ती घाई मला चुकीची वाटत नाही, खरंच. जागा आत्ता घ्या, कंपाउंड घाला, झाडं लावा. बिल्डिंगची घाई मात्र नको. वर्ग काय, सुरुवातीला झेडपीच्या शाळेत संध्याकाळी पण भरतात. नोव्हाच्या शेजारची जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटी माहितीये ना, आता केवढी अवाढव्य झालीये, ती पण त्याच बेलीज क्रॉसरोड्सला १९५७ मध्ये एका जुन्या प्राथमिक शाळेत दुसऱ्या युनिव्हर्सिटीची शाखा म्हणून सुरू झाली होती.

आणखी एक, जागेचा खर्च कुणाचा? बिल्डिंग आणि पगार मुख्यतः राज्याचे आणि फीचे, पण जागा, तिथला रस्ता, सपाटीकरण हे स्थानिक काउंट्या आणि शहरांचं. नोव्हामागे चार काउंट्या आणि पाच शहरं आहेत. त्यांची आपसात भांडणं चालू असतात पण कॉलेजसाठी प्रत्येकजण पैसे देतो, कारण ज्याने पैसे घातले तो कॅम्पसला 'आमचा' म्हणतो. तुम्ही चारही गावांत संस्थेच्याच पैशाने सगळं उभं केलंत तर गावं म्हणणार, ते त्यांचं आहे. कर्मवीर अण्णांनी १९१९ ला काल्यात रयत सुरू केली आणि पुढे गावोगाव शाखा काढल्या, तेव्हा गावाकडून धान्याची मूठ घेतली, जागा घेतली, श्रमदान घेतलं. ते तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस.

आता मला खरं जे सांगायचंय ते. चार कॅम्पस काढताना रोज एकच भांडण होणार, की काय सगळीकडे सारखं ठेवायचं आणि काय एकाच ठिकाणी. हे आत्ता ठरवलं नाहीत ना, तर पाच वर्षांनी तुमची चार वेगवेगळी कॉलेजं असतील आणि बोर्डवर नाव तेवढं एक.

नोव्हात काय आहे, इंग्रजी, गणित, इतिहास सगळ्या मोठ्या कॅम्पसला मिळतं. पण महाग लॅबचं काम वाटून टाकलंय. नर्सिंग आणि दातांचं स्प्रिंगफील्डच्या मेडिकल कॅम्पसला, जो २००३ ला उघडला, तिथे दातांचा दवाखाना आहे, मुलं शिकता शिकता लोकांचे दात साफ करून देतात. जनावरांच्या दवाखान्यातल्या टेक्निशियनचा कोर्स लाउडनला. गाड्यांचं वर्कशॉप लाउडनला मिळणार नाही, त्यासाठी अलेक्झांड्रिया किंवा मनॅसस. आपल्याकडे काय होतं माहितीये ना, एका गावाला लॅब दिली की दुसऱ्या गावचे पुढारी अध्यक्षांच्या बंगल्यावर, आम्हाला पण पाहिजे, मग चार ठिकाणी चार अर्धवट लॅब आणि कपाटाला कुलूप.

आणि जे सारखं ठेवायचं ते एवढं सारखं की बघायला नको. इंग्रजी १११ हा कोर्स वुडब्रिजला घ्या, लाउडनला घ्या नाहीतर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या कम्युनिटी कॉलेजात, नंबर तोच, क्रेडिट तेवढेच. मार्कशीटवर कॉलेज एकच. म्हणून वुडब्रिजची पोरगी नोकरी बदलून इकडे राहायला आली तर तिचं वर्ष वाया जात नाही. तुमच्याकडे आता अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स वगैरे (मुलाने मिळवलेले क्रेडिट खात्यात जमा राहतात ते) आलंय ना २०२१ पासून, ते कागदावरून खाली उतरवायचं काम तुझं. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाताना मुलाला अर्ज, दाखला, दोन झेरॉक्स आणि साहेबांची सही लागत असेल तर तुमचा एक कॅम्पस सुद्धा जास्तच झाला.

माझी फजिती सांगते. मी सांगलीची एम.एस्सी., नवऱ्याच्या मागे इथे आले, काम करायला परवानगी नव्हती म्हणून घरात बसून वेड लागायची वेळ आली, तर मैत्रीण म्हणाली नोव्हात अकाउंटिंगचा एक कोर्स घे. घेतला. सेक्शनच्या नंबराला कॅम्पसचं अक्षर जोडलेलं असतं, ते मी बघितलंच नाही. पहिल्या दिवशी ऐटीत लाउडनला जाऊन बसले, वीस मिनिटं लक्ष देऊन वहीत लिहिलं, मग कळलं की हा कुत्र्या-मांजरांच्या शरीररचनेचा तास आहे आणि माझा वर्ग तिकडे अॅनंडेलला. चूक माझीच. पण तेव्हा डोक्यात बसलं ते बसलं, की कॅम्पस वाढले की नवीन माणूस हरवायच्या जागा पण वाढतात. म्हणून प्रत्येक शाखेत दाराशी, आत नाही, दाराशी, एक माणूस बसव. तो शिपाई असला तरी चालेल, फक्त चारही शाखांचं टाइमटेबल त्याला पाठ पाहिजे आणि त्याने हसून बोललं पाहिजे.

आकड्यांबद्दल. तुझ्या पीडीएफमध्ये पहिल्या पानावर 'विद्यार्थीसंख्या १०,०००' असं मोठ्या अक्षरात आहे. नोव्हाचा आकडा पण सांगतात, वर्षाला ७५ हजारांच्या वर गेलेला. भारी वाटतं ऐकायला. पण ही संख्या कॉलेजने वाढवली म्हणून वाढते असं समजू नकोस. मंदी आली, नोकऱ्या गेल्या की लोक कॉलेजात येतात, २००८ नंतर वर्ग ओसंडून वाहत होते. नोकऱ्या आल्या की वर्ग रिकामे. कोविडमध्ये तर देशभर कम्युनिटी कॉलेजांची गळती लागली. तेव्हा चांगल्या वर्षाचा आकडा बघून बिल्डिंगचं कर्ज काढू नका.

आणि दुसरा आकडा, जो पहिल्या पानावर कुणीच छापत नाही. या देशात कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या शंभरातली ऐंशी मुलं सांगतात की मला पुढे चार वर्षांची डिग्री करायचीय. सहा वर्षांत खरोखर ती डिग्री हातात पडते साधारण सोळा जणांच्या. सोळा! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छापायला चूक झाली. मग माझ्या वर्गाकडे बघितलं. ऑगस्टमध्ये खुर्च्या भरलेल्या, थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेर, मागच्या दोन रांगा मोकळ्या. गणित जमलं नाही म्हणून गेलेले थोडेच. कुणाची शिफ्ट बदलली, कुणाची गाडी बंद पडली, कुणाच्या आईला बरं नाही. एक मुलगा हॉटेलात भांडी घासून तसाच ओल्या बाह्यांनी यायचा, हुशार होता, एक दिवस आलाच नाही, आणि मला त्याच्या नावापुढे काट मारण्यापलीकडे काही करता आलं नाही कारण तो कुठे गेला हे बघायचं काम कुणाचं हेच ठरलेलं नव्हतं. ते काम कुणाचं, हे तू ठरव. शाखा काढायच्या आधी ठरव.

या गळतीवर उपाय करून बघत असतात. गणितात कच्च्या मुलांना आधी बिनक्रेडिटचे, म्हणजे डिग्रीत न धरले जाणारे कोर्स लावायचे, त्यातच बिचारी अडकून पडायची. २०१२ च्या सुमारास त्या गणिताचे नऊ छोटे तुकडे केले, लागेल तेवढेच घ्या म्हणून. तेही फार टिकलं नाही, आता थेट खऱ्या कोर्सला बसवायचं आणि शेजारी मदतीचा एक तास द्यायचा अशी पद्धत आहे. मला विचारशील तर हे सगळ्यात बरं, मुलाला वाटतं मी कॉलेजात आहे, शाळेत परत नाही. आणि २०१८ पासून जॉर्ज मेसनबरोबर 'अॅडव्हान्स' नावाचा प्रोग्रॅम आहे, पहिल्या दिवसापासूनच दोन्हीकडचा ठरलेला रस्ता आणि सांगणारा माणूस. तुम्ही चौथ्या कॅम्पसची फीत कापायच्या आधी विद्यापीठाबरोबर असला एक करार करा, कागद दोन पानी असला तरी चालेल, पण कुठला विषय घेतला की पुढे कुठे धरला जातो ते त्यात स्पष्ट पाहिजे.

शिक्षकांचं मी फार बोलत नाही, माझं दुखणं आहे. एवढंच सांगते की इथल्या कम्युनिटी कॉलेजांत निम्म्याहून जास्त शिक्षक माझ्यासारखे तुकड्या-तुकड्यावर आहेत, आणि तुमच्या सीएचबीवाल्यांची (तासावर पैसे मिळणाऱ्या शिक्षकांची) गोष्ट मला मैत्रिणी सांगतात. पीडीएफमध्ये कारंज्याला एक आख्खं पान आहे, शिक्षकांना अर्धा परिच्छेद.

हो, आणि एक कॅम्पस असा पण होता ज्याला भिंतीच नव्हत्या. १९७५ ला त्यांनी घरी बसून शिकायचा विभाग काढला, त्याचंच आता नोव्हा ऑनलाइन झालंय. आपल्याकडे नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ चं, त्यांची अभ्यासकेंद्रं गावोगाव आहेत, त्यांच्याशी बोल आधी. कदाचित तुमच्या चौथ्या कॅम्पसची गरजच नसेल, एक खोली, इंटरनेट आणि शनिवारी येणारा एक चांगला मास्तर पुरेल. हे अध्यक्षांना कसं सांगायचं ते तू बघ, माझं नाव घेऊ नकोस!

तर आत्ता एक काम कर. पुढच्या आठवड्यात नव्या तीनही गावांच्या स्टँडवर जाऊन ये, संध्याकाळी, आणि आजूबाजूच्या वाड्यांना शेवटची एसटी किती वाजता सुटते ते लिहून घे. टाइमटेबलवरची वेळ नको, खरी सुटते ती. कॉलेजातून सुटून मुलगी त्या गाडीत बसू शकते का आणि फाट्यावर उतरल्यावर तिला किती चालायचंय, ते पण. वेळा मला पाठव, मग तुमचं टाइमटेबल आपण दोघं मिळून बसवू, गणित आहे ते, मला जमेल.

तुझी,
मावशी

ता. क. आईला सांग कुळीथ पीठ पोचलं, कस्टमवाल्याने पिशवीचा वास घेऊन परत दिलं.