गावात राहून, मोबाईलच्या नेटवर पिपसारख्या पॅकेज मॅनेजरमध्ये कॉन्ट्रिब्यूट करता येतं का?

तू विचारून राहिला आहेस की पॉलिटेक्निकला आहे, पायथन थोडंफार येतं, लॅपटॉप जुना 4 जीबीवाला, नेट मोबाईलचं, तर पिपमध्ये (पायथनची पॅकेजेस उतरवून बसवणारं टूल) काही काम करता येईल का की हे पुणे-बंगलोरवाल्यांचंच काम आहे. माझ्यापेक्षा लहान दिसतोस म्हणून तू म्हणतो, राग मानू नको.

येतं भाऊ. मी घाटंजी तालुक्यातला, घरी कापूस न् तूर, आणि माझी सुरुवात तर वावरात जागलीवर झाली. तूर शेंगावर आली की रात्री रोही न् डुकरं हाकलायला मचाणावर बसावं लागते, आणि आमच्या घरी रेंज येत नाही पण मचाणावर मस्त येते, म्हणून लॅपटॉप तिकडंच घेऊन जायचो. एकदा टॉर्च (पायटॉर्च, मशीन लर्निंगची लायब्ररी) इन्स्टॉल करत होतो, लिनक्सवर ती फाईलच सात-आठशे एमबीची, पाचशेच्या वर गेली की नेट तुटायचं आणि पिप पुन्हा शून्यापासून सुरू. तीन रात्री हेच. रोजचा डेटा संपला, टॉर्च काही आलं नाही. (माझ्या लॅपटॉपला ग्राफिक कार्डच नाही, सीपीयूवालं लहान टॉर्च वेगळं मिळते, हे मला फार उशिरा समजलं.)

वैतागून शोधलं तर समजलं की पिपचा टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मुदत) 15 सेकंदाचा असतो आणि रिट्राय (पुन्हा प्रयत्न) 5, पण ते रिट्राय कनेक्शन जुळवताना कामाचे, फाईल अर्धी उतरल्यावर धागा तुटला की त्यांचा काही उपयोग नाही. आणि हे रडगाणं एकट्या माझं नव्हतं, गिटहबवर (पिपचा कोड न् तक्रारी तिथंच असतात) जगभरचे लोक तेच सांगून राहिले होते. पुढं 2025 मध्ये 25.1 व्हर्जनला अर्धवट डाउनलोड तिथूनच पुढं चालू करायची सोय आली, रिझ्यूम-रिट्राईज नावानं, आणि 25.2 पासून ती आपोआप चालू राहते. मी लिहिली नाही ती, गैरसमज नको. पण असल्या इश्यूवर (नोंदवलेल्या तक्रारीवर) आपल्यासारख्याला काम असतं, कारण फायबरवाल्या माणसाला नेट तुटण्याचं नाटक करावं लागते, आपल्याकडं ते अस्सल आहे. मी हॉटस्पॉट मध्येच बंद करायचो, चालू करायचो, कोणत्या व्हर्जनला काय एरर येते ते जसंच्या तसं कॉपी करून टाकायचो, सोबत पायथनचं व्हर्जन न् ओएस. एवढंच. एक ओळ कोड नाही. पिपच्या इश्यूंवर ‘नीड्स ट्रायाज’ नावाचं लेबल असते, म्हणजे अजून कोणी नीट तपासलं नाही. त्यातला एखादा जुना इश्यू घे, आज होते का नाही ते करून पाहा न् लिही. नवख्यांसाठीच्या ‘गुड फर्स्ट इश्यू’ लेबलवर सगळ्यांच्या उड्या असतात, तिथं तुझा नंबर लागेपर्यंत दुसऱ्यानं पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती) टाकलेला असतो.

आता माझा पचका सांगतो. पहिला पीआर टाकायची भारी घाई झाली होती, टाइमआउटच्या एररचा मेसेज मला आवडत नव्हता, म्हणून शोधत शोधत ‘अंडरस्कोर व्हेंडर’ नावाच्या फोल्डरमध्ये गेलो न् तिथंच बदल केला. दोन रात्री लावल्या. उत्तर आलं, एकदम सभ्य भाषेत, की हा कोड आमचा नाहीच. पिप दुसऱ्या पॅकेजवर अवलंबून राहिला तर ते पॅकेज इन्स्टॉल कोण करणार, म्हणून रिक्वेस्ट्स, यूआरएललिब3 वगैरे लायब्रऱ्यांची कॉपी तो पोटातच घेऊन फिरतो, आणि त्यात काही बदलायचं असलं तर मूळ प्रोजेक्टमध्ये जाऊन बदलावं लागते. म्हणजे दुसऱ्याच्या वावरात डवरा चालवून आलो होतो मी. ते फोल्डर सोडून दे, बाकी सोर्स वाच.

दुसऱ्या वेळी डॉक्युमेंटेशनमधली दोन वाक्यं नीट केली, तरी चेक लाल, म्हणजे पीआरची आपोआप होणारी तपासणी नापास. काहून? तर ‘न्यूज’ फोल्डरमध्ये एक छोटी फाईल टाकावी लागते, तिच्या नावात इश्यूचा नंबर, मग बदलाचा प्रकार (बगफिक्स, फीचर, डॉक असं काही), आणि शेवटी आरएसटी. आत एक ओळ, युजरला समजेल अशी. रिलीजच्या वेळी टाउनक्रायर नावाचं टूल त्या सगळ्या ओळी गोळा करून चेंजलॉग (बदलांची यादी) बनवते. टायपोसारखा बारीक बदल असला तर प्रकार ‘ट्रिव्हियल’ द्यायचा. नंतर तो पीआर मर्ज झाला, म्हणजे पिपच्या कोडमध्ये घेतला गेला.

टेस्टचं म्हणशील तर पूर्ण सूट 4 जीबीवर चालवायच्या भानगडीत पडू नको, फॅन विमानासारखा ओरडते. नॉक्स (टेस्ट चालवायचं टूल) घेऊन फक्त युनिट टेस्ट, म्हणजे कोडच्या लहान तुकड्यांच्या टेस्ट, चालव, नाहीतर पायटेस्ट नावाच्या टूलला मायनस के देऊन आपल्या कामाची एकच टेस्ट चालव, बाकी लिनक्स, मॅक, विंडोज सगळ्यावर त्यांचं सीआय (आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) पाहून घेते. पहिल्या पीआरला ते सीआय सुरू व्हायलाच मेंटेनरनं (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यानं) परवानगी द्यावी लागते, तर काही हललं नाही म्हणून घाबरू नको. तिथले बहुतेक लोक आपापली नोकरी सांभाळून फुकटात काम करतात, महिना महिना उत्तर येत नाही. रोज जाऊन ‘एनी अपडेट’ विचारायला तो काही सातबारा नाही.

इंग्रजीची भीती काढून टाक. माझी वाक्यं चार-चार शब्दांची असतात, हे केलं, हे झालं, हे व्हायला पाहिजे होतं. कोणी हसलं नाही आजवर.

आमचे बाबा एकदा मचाणाखालून ओरडले, “काय करून राह्यला बे, पैसे देतात का ते?” नाही देत, खोटं कशाला सांगू. पण नंतर एका इंटरव्ह्यूत समोरच्यानं तो न्यूज फाईलवाला पीआरच उघडून वीस मिनिटं प्रश्न विचारले, कॉलेजच्या प्रोजेक्टचं नावही काढलं नाही.

आणखी एक, कारण तू नक्की अडकशील. पिपचं रिपो (कोडचं पूर्ण फोल्डर) गिटनं क्लोन करताना, म्हणजे आपल्याकडं उतरवताना, मायनस मायनस डेप्थ 1 दे, म्हणजे जुना इतिहास उतरत नाही, आणि जड पॅकेजेस तालुक्याला चांगलं नेट मिळालं की ‘पिप डाउनलोड’नं पेनड्राइव्हवर घेऊन ये, घरी ‘फाइंड-लिंक्स’ न् ‘नो-इंडेक्स’ लावून इन्स्टॉल कर, म्हणजे पिप नेटवर न जाता पेनड्राइव्हवरूनच घेतो. पूर्ण इतिहास लागलाच तर नंतर ‘फेच अनशॅलो’ कर, पण तेही तालुक्यालाच, कारण अर्ध्यात तुटलेलं क्लोन गिट अजूनही पहिल्यापासूनच सुरू करते.