फादरांना हिशोब विचारायचा कसा?

धर्मग्रामाच्या (कॅथलिक पॅरिशच्या) वित्त समितीवर आलात, अभिनंदन. फादरांना हिशोब विचारणं म्हणजे उद्धटपणा, ही भीती आधी मनातून काढा. १९८३च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, प्रत्येक धर्मग्रामाला वित्त समिती सक्तीची आहे (कलम ५३७). कलम १२८७ सांगतं की श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशोब त्यांना द्यायला हवा. तो हक्काने मागा, पण आदराने.

सुरुवातीला एवढं पुरे:

- बैठकीआधी जमाखर्च लेखी मागवा. सणाची वर्गणी, मिस्सादान (मिस्सा या उपासनेसाठी दिलेलं दान), सभागृहाचं भाडं वेगवेगळं दिसलं पाहिजे. ‘इतर खर्च’ मोठा दिसला तर पावत्या बघा.
- तुमचा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी आश्वासन पुढच्या बैठकीत कुणालाच आठवत नाही.
- उत्तर नाही मिळालं तर बिशपांना लेखी कळवा, पोच घ्या.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे: मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात कुजबुज करतात, व्हॉट्सॲपवर आरोप टाकतात, आणि बैठकीत गप्प. त्याने खरा प्रश्नही भांडण ठरतो.

मुलांच्या लैंगिक छळाची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. तिथे समिती, बैठक, ‘चर्चची बदनामी’ काही बघू नका. पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. बिशपांना कळवलं म्हणून ती जबाबदारी संपत नाही. त्या मुलाचं नाव कुठेही जाऊ देऊ नका.

बाकीची कलमं सावकाश वाचा. आधी गेल्या वर्षाचा ताळेबंद मागवा.